गिरकी घेणे आणि घिरट्या घालणे

'विसर्जन मिरवणुकीच्या वेळी अलका चौकावर ड्रोन गिरक्या घालत होता' हे वाक्य बरोबर आहे का, आणि गिरकी व घिरटी यांत फरक तो कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येथे 'घिरट्या घालत होता' असेच लिहायला हवे. ड्रोन जागच्या जागी स्वतःभोवती गर्रकन फिरला असता, तर त्याने 'गिरकी घेतली' असे म्हणता आले असते.

गिरकीत फिरण्याचा मध्य फिरणाऱ्याच्याच अंगात असतो, तर घिरटीत तो बाहेर असतो. मुठेच्या पात्रावर, लकडी पुलाच्या आसपास, घारी पंख फारसे न हलवता एकाच भागावर पुन्हा पुन्हा फिरत राहतात, त्या घिरट्या. हा शब्द बहुधा अनेकवचनात येतो आणि कशावर तरी नजर असल्याची छटा त्यात असते, म्हणून 'तो हल्ली त्या घराभोवती घिरट्या घालतो' हे वाक्य कोणी कौतुकाने उच्चारत नाही. भूगोलात हाच भेद परिवलन आणि परिभ्रमण या शब्दांनी दाखवतात: पृथ्वीचे स्वतःभोवतीचे परिवलन सुमारे २३ तास ५६ मिनिटांत, तर सूर्याभोवतीचे परिभ्रमण ३६५ दिवस आणि जवळपास ६ तासांत पूर्ण होते.

मला या जोडीतली क्रियापदे अधिक महत्त्वाची वाटतात. प्रदक्षिणा, वळसा, वेढा, विळखा, गराडा, गस्त, पिंगा यांच्यापुढे आपण सहजपणे 'घालणे' वापरतो, आणि या सगळ्यांत मध्यभागी दुसरे कोणी किंवा दुसरे काही असते. फुगडीही घालतात, कारण तिचा मध्य दोघींच्या जोडलेल्या हातांपाशी असतो, कोणा एकीच्या अंगात नव्हे. हा नियम निरपवाद नाही. साप स्वतःच्याच अंगाचे वेटोळे घालतो. तरीही गिरकीपुढे 'घेणे' का येते, हे त्यावरून चांगले उमगते.

'चक्कर' हा एकच शब्द क्रियापदानुसार अर्थ बदलतो. कथक शिकणारी मुलगी चक्कर घेते, संध्याकाळी आपण लक्ष्मी रस्त्यावर एक चक्कर मारून येतो, आणि उन्हात फार वेळ उभे राहिले तर चक्कर येते. 'भोवळ' मात्र फक्त येतेच, कारण ती कोणी आपणहून घेत नाही.

'घालणे' आणि 'घेणे' यांतल्या याच फरकामुळे मराठी लग्नाच्या वर्णनात 'सात फेरे घेतले' हे हिंदीच्या वळणाचे वाक्य मला खटकते. लाजाहोमात वधूवर अग्नीला प्रदक्षिणा घालतात, आणि सप्तपदी म्हणजे तांदळाच्या सात राशींवरून टाकलेली सात पावले. ती चालतात, तिच्यात फेरा नसतो.