साजेसं नाव सापडेना

“रस्त्यात लोक थांबून त्याला बघतात, मॅडम. कौतुक करतात, फोटो काढतात आणि मग विचारतात, नाव काय? तिथं आमची बोबडी वळते.”

ताई हे हसत सांगत होत्या, पण कुत्र्याचं पिल्लू घरी येऊन महिना उलटत आला होता आणि त्याला अजून नाव नव्हतं. खरं तर तिघांनी ठेवलेली तीन नावं होती, म्हणजे एकही नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.)

पाळीव प्राणी आणि त्यांची माणसं यांच्यात जे अडतं, त्यावर मी समुपदेशन करते. चावणं, भुंकणं, एकटं राहायची भीती या नेहमीच्या तक्रारी. नावाची चिंता त्यामानाने किरकोळ वाटते, पण ती बऱ्याचदा येते. पिल्लू चारचौघांपेक्षा वेगळं दिसणारं असलं की हमखास येते. एक डोळा नसलेलं, खालचा जबडा पुढे आलेलं, एक कान उभा नि एक पडका असलेलं. साध्या तांबड्या कुत्र्याचं नाव लोक पाच मिनिटांत ठरवतात. वेगळ्या रूपाचं पिल्लू आलं की त्या रूपाला न्याय देणारं नाव हवं, असं ओझं घरावर येतं. शिवाय भीती असते, की चुकीचं ठेवलं तर आयुष्यभर तेच चिकटणार.

हे पिल्लू खरोखर बघत राहावं असं होतं. चेहरा मधोमध वाटून घेतल्यासारखा. उजवी बाजू काळ्या-करड्या शिंतोड्यांची, ब्रीडर मंडळी त्याला ‘मर्ल’ म्हणतात. डावी बाजू कानापर्यंत पांढरीशुभ्र आणि त्या बाजूचा डोळा फिकट निळा. वय चार महिन्यांच्या आसपास.

घरातली नावं अशी होती. कॉलेजात जाणारी मुलगी त्याला ‘फिफ्टी’ म्हणायची, अर्धा-अर्धा चेहरा म्हणून. धाकटा ‘डाकू’ म्हणायचा. वडिलांना वाचनाचा नाद. त्यांनी ‘शबल’ शोधून काढलं होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचं वर्णन आहे, चार डोळ्यांचे आणि शबल, म्हणजे चित्रविचित्र रंगाचे. मला हे नाव मनापासून आवडलं होतं, ते मी तेव्हा बोलले नाही. आजींनी मात्र एका वाक्यात निकाल लावला होता: “यमाचा कुत्रा घरात नको.” त्या स्वतः त्याला ‘ए’ म्हणत. आणि ताई? त्यांना तिन्ही नावं नको होती, पण चौथं सुचत नव्हतं.

“त्याला तरी कुठलं आवडतंय?” धाकटा म्हणाला. “हाक मारली की तिसरीकडेच बघतो.”

या वाक्यावर मी नावाचा विषय बाजूला ठेवला. प्रत्येकाला खोलीत वेगवेगळ्या जागी उभं केलं आणि एकेकाला हाक मारायला सांगितली. पिल्लू दर वेळी कान टवकारायचं, मान उचलायचं आणि उजवीकडे वळायचं. हाक डावीकडून आली तरी उजवीकडेच. मग सगळ्यांना गप्प केलं. पिल्लाच्या मागे बसून, त्याला दिसणार नाही असा, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कागद चुरगळला. दोन्ही वेळा ते उजवीकडेच वळलं.

त्याला ऐकू येत होतं. आवाज कुठून येतोय ते मात्र कळत नव्हतं, आणि एका कानाने ऐकू येत नसेल तर नेमकं असंच होतं. दिशा ओळखायला दोन कान लागतात. कुत्र्याच्या कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात आणि तिथलं काम नीट चालायला त्या लागतात. त्या नसल्या तर जन्मानंतर काही आठवड्यांतच तो कान निकामी होतो. म्हणूनच डोक्या-कानावरचा पांढरा रंग, निळे डोळे आणि बहिरेपण यांचा संबंध दिसतो. डाल्मेशियन जातीत हे चांगलंच माहीत आहे. प्रत्येक पांढरा किंवा निळ्या डोळ्यांचा कुत्रा बहिरा असतो असं मुळीच नाही. पण असं पिल्लू हाकेला नीट प्रतिसाद देत नसेल, तर नाव बदलण्याआधी कान तपासावेत. (आणि दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावू नये. दोन्हीकडून ते जनुक आलेल्या पिल्लांना डोळ्यांचे आणि कानांचे गंभीर दोष होण्याचा धोका मोठा असतो. रंगाच्या हौसेपायी हे करणाऱ्यांचा मला राग येतो.)

त्यांना पशुवैद्याकडे पाठवलं. तिथून ‘बेअर’ चाचणीची शिफारस झाली. हिच्यात कातडीखाली बारीक सुयांसारखे इलेक्ट्रोड लावतात, एकेका कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतं का ते यंत्रावर बघतात. प्रत्येक कानाचा निकाल वेगळा मिळतो. डावा कान पूर्ण बंद निघाला, उजवा उत्तम. असा कुत्रा घरात अगदी सुखाने राहतो. फक्त रहदारीच्या जागी त्याला पट्ट्याशिवाय सोडायचं नाही, कारण गाडी कुठल्या बाजूने येतेय हे त्याला कळत नाही.

पुढच्या भेटीत सगळे थोडे ओशाळले होते. महिनाभर त्याला ‘हट्टी’ म्हणून झालं होतं ना. तेवढ्यात धाकट्याने विचारलं, “मग डाकू चालेल?” आणि ताई पटकन म्हणाल्या, “नाही म्हटलं ना!”

आवाज जरा जास्तच चढला होता. मी विचारलं, “ताई, फिफ्टी नको, डाकू नको, शबलही नको. या तिन्हींत तुम्हाला नेमकं काय खटकतं?”

“सगळी तोंडावरून आहेत.”

“तुम्हाला कुणी तोंडावरून हाक मारायचं का?”

त्यांचे डोळे घारे आहेत. शाळेत त्यांना सगळे ‘घारी’ म्हणायचे. शिक्षकसुद्धा. आजही जुन्या मैत्रिणी भेटल्या की आधी ‘घारे’, मग बाकीचं बोलणं. “माझं नाव चांगलं होतं हो,” त्या म्हणाल्या. “ते कुणी वापरलंच नाही.”

नवरा चकित झाला. “मला वाटायचं तुला आवडतं ते.”

“मी हसायचे म्हणून?”

यावर कुणी काही बोललं नाही. मीही घाई केली नाही.

मग मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या एकमेकींच्या थोड्या विरुद्ध आहेत याची मला कल्पना आहे. पहिली अशी, की पिल्लाला अर्थ कळत नाही. त्याच्या लेखी नाव म्हणजे एक आवाज, ज्याच्यानंतर काहीतरी चांगलं किंवा वाईट घडतं. त्यामुळे ‘फिफ्टी’ने त्याचा अपमान होत नाही. मोत्या, वाघ्या, काळू ही सगळी रूपावरूनच ठेवलेली नावं आहेत आणि किती कुत्री ती मानाने मिरवत आली आहेत. रूपावरून नाव म्हणजे टिंगल, असं समीकरण नाही.

दुसरी गोष्ट मी नवऱ्याकडे आणि मुलांकडे बघून सांगितली. हाक कुत्र्याला मारायची असली तरी ती मारायची माणसांनी आहे, दिवसातून कितीतरी वेळा. घरातल्या एकाला ती हाक बोचत असेल तर ती रद्द करायला तेवढं कारण पुरतं. इथे बहुमत घ्यायचं नाही. मी असे ठराव करणारी घरं पाहिली आहेत. हरलेला माणूस पुढे कुत्र्याला हाकच मारत नाही, ‘तुमचा कुत्रा’ म्हणतो.

रूपावर बेतलेल्या नावाच्या आणखीही अडचणी असतात. पिल्लाचं रूप टिकत नाही. डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात पांढरी, ठिपके नंतर उमटतात. केरी ब्लू टेरियर काळं जन्मतं आणि वर्ष-दोन वर्षांत निळसर करडं होतं. बहुतेक पिल्लांचे डोळे उघडतात तेव्हा निळसरच असतात, खरा रंग पुढच्या काही आठवड्यांत येतो. पडके कान उभे राहतात. आणि गंमत म्हणून ठेवलेलं नाव महिन्याभरात शिळं होतं, कुत्रं मात्र दहा-बारा वर्षं सोबत असतं. ‘डाकू’ची वेगळीच कटकट आहे. पाहुणा दारात आला की आधी ‘घाबरू नका, चावत नाही’ हे सांगणं आलं.

या पिल्लासाठी तर आवाजाचा विचार आधी करायला हवा होता. चौथ्या शतकात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या, ग्रीक लेखक झेनोफनने शिकारी कुत्र्यांची नावं छोटी ठेवा म्हणजे हाक मारायला सोपं जातं, असं लिहून सोबत 47 नावांची यादी दिली आहे. त्याचा सल्ला अजून मोडीत निघालेला नाही. दोन अक्षरं, सुरुवात ठसठशीत, शेवट लांबवता येईल असा. रोजच्या आज्ञांशी मिळतंजुळतं नसावं: ‘सिट’ शिकवणार असाल तर ‘सिल्की’ नको, ‘बस’ म्हणणार असाल तर ‘बसू’ नको. या कसोटीवर माझा लाडका ‘शबल’ बाद झाला. लांबून हाक मारून बघा, वाऱ्यावर विरून जातो.

मी त्यांना एक आठवडा दिला. त्या आठवड्यात कुठलंच नाव घ्यायचं नाही, चेहऱ्यावर बोलायचं नाही, फक्त तो काय करतो ते बघायचं. हे मी बऱ्याच जणांना सांगते. काहींना त्यातून नाव सुचतं, काहींना सुचत नाही. मग ते सरळ आवडीचं एखादं निरर्थक नाव उचलतात आणि तेही छान चालतं.

या घरात नाव आजींच्या कुरकुरीतून आलं. पिल्लू कुणाच्या तरी पायाला सतत खेटून असायचं. एका कानावर जगणारं जनावर माणसाच्या जवळ राहणं पसंत करत असेल, असा माझा तर्क. आजी म्हणाल्या, “पाऊल टाकू देत नाही मेलं. डिंक आहे नुसता डिंक.” मुलीने तिथल्या तिथे ‘डिंकू’ करून टाकलं. ताईंनी ते दारातून, गॅलरीतून, रागात, लाडात म्हणून पाहिलं. पशुवैद्याच्या दवाखान्यात मोठ्याने सांगायला लाज वाटेल का, हेही पाहिलं. वाटली नाही.

नाव शिकवायची रीत सोपी आहे, पण लोक ती नेमकी उलटी करतात. नाव एकदाच घ्यायचं. त्याने बघितलं की लगेच खाऊ किंवा शाबासकी. दिवसातून थोडा थोडा वेळ. “डिंकू डिंकू डिंकू” असा जप केला की ते पंख्याच्या घरघरीसारखं होतं, कुणी लक्ष देत नाही. ओरडायचं असेल तेव्हा नाव घ्यायचं नाही. डिंकूसाठी वेगळी भर एवढीच, की हाक मारली की जागचं हलायचं नाही आणि हात वर करून हलवायचा, म्हणजे दिशा त्याला डोळ्यांनी सापडते.

सूर महत्त्वाचा, हे मी अनुभवावरून सांगते तसं त्याला संशोधनाचंही पाठबळ आहे. 2016 साली बुडापेस्टच्या संशोधकांनी जाग्या कुत्र्यांना स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवून त्यांचे मेंदू तपासले. कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात आले तरच मेंदूतली आनंदाची केंद्रं उजळली. शब्द गोड पण सूर कोरडा, किंवा सूर गोड पण शब्द भलतेच, तर नाही. आणि घरात गोंगाट असतो म्हणून काळजी करणाऱ्यांसाठी: मेरीलँड विद्यापीठाच्या 2019 मधल्या अभ्यासात माणसांच्या बडबडीत, तेवढ्याच आवाजात उच्चारलेलं आपलं नाव कुत्र्यांनी ओळखलं.

वडिलांनी शेवटी विचारलं, “मी एकटा असताना शबल म्हटलं तर गोंधळेल का?” चेझर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीने हजाराहून जास्त खेळण्यांची नावं शिकली होती, तेव्हा दोन नावं कुत्र्याच्या डोक्याला जड नाहीत. पण आधी एक पक्कं होऊ दे, मग हवी तेवढी लाडाची नावं. आज लसीकरणाच्या कार्डावर ‘शबल’ आहे आणि हाकेला ‘डिंकू’. वंशावळीच्या कुत्र्यांनाही कागदावर एक लांबलचक नाव आणि घरात दुसरं असतंच.

हेच उत्तर दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत विचारणाऱ्यांना लागू आहे. जुनं नाव बदलता येतं. विशेषतः ते नाव घेतल्यावर कुत्रं अंग चोरत असेल तर बदलाच. काही दिवस नवं नाव आणि लगेच खाऊ, एवढंच करायचं. बहुतेक कुत्री पटकन रुळतात.

ताई अजून येतात. तक्रार आता डिंकू चपला पळवतो ही आहे, आणि पळवतो त्या फक्त वडिलांच्याच.