धोंडू, दगडू, कचरू: अशी नावं लोक पोटच्या मुलांना का ठेवत?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचं नाव कचरू होतं, ते उच्चारताना घरात सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि पणजीला हे मूल नको होतं की काय अशी शंका येते. माझ्या पणजोबांचं नाव कोंडिबा, म्हणून हा प्रश्न मलाही लहानपणी पडला होता. आजीनं जे सांगितलं ते नेमकं उलटं होतं. हे मूल कुणालाही नको वाटावं, म्हणजे ते आपल्यापाशी राहील, यासाठी ते नाव होतं.

देवी, पटकी, गोवर या साथींनी पाळणे रिकामे व्हायचे तो काळ. एका बाईची लागोपाठ दोन-तीन मुलं गेली की पुढच्याला चांगलं नाव ठेवायची छातीच होत नसे. गोड नावानं दृष्ट लागते, सटवाईचं लक्ष जातं, ही भीती. मग बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं ते 'सापडलं' म्हणून उचलायचं आणि आईनं मूठ-पसा कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. उकिरडा, कचरू, शेणफडू, सुपडू, कोंडाजी ही नावं या विधीतूनच आली. भीक मागून मिळालेला तो भिकाजी, मुलीसारखं नाक टोचून नथ घातलेला तो नथू. धोंडू-दगडूमागे दगडासारखं टिकण्याची आस. काही धोंडू मात्र अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेले. त्यांच्या नावात दुःख शोधू नये.

ही नावं फक्त गरिबाघरची नव्हती. दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. 1673 मध्ये शिवाजी महाराजांसाठी साठ गड्यांनिशी पन्हाळा घेणारे कोंडाजी फर्जंद. पुण्याचा सगळ्यात प्रसिद्ध गणपती दगडूशेठ हलवायांच्या नावानं ओळखला जातो. आणि महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 ते 1962, तब्बल 104 वर्षं जगले! असं आयुष्य आपल्या लेकराला मिळावं म्हणून किती आयांनी धोंड्याचं नाव उसनं घेतलं असेल.

पण एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. नाव तेच असलं तरी वरच्या जातीत त्याला 'पंत', 'शेठ' लागायचं आणि गावकुसाबाहेर त्याचाच धोंड्या, कचऱ्या व्हायचा. मनुस्मृती तर शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे किळस येईल असंच असावं, असं सांगते. तिथे आईच्या भीतीबरोबर वरून लादलेला अपमानही होता. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. दलित कुटुंबांनी पुढे अशी नावं निश्चयानं टाकली, ते मला पूर्ण पटतं.

आणि 'नकोशी' या नावाला कृपा करून या रांगेत बसवू नका. कचरू हवा होता, म्हणून कचरू. नकोशी खरोखरच नको होती. पाठीवर मुलगा यावा म्हणून तिला ते नाव दिलं जाई. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 280 हून अधिक मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली, तेव्हा कित्येकींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं.

लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, मुलं जगू लागली, तशी ही नावं ओसरली. आज ती बहुधा मधल्या नावात किंवा जुन्या सातबाऱ्यावर भेटतात. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर एकदा विचारा, कचरू आजोबांच्या आधी पणजीची किती बाळं गेली होती. माझ्या कोंडिबांच्या आधी चार गेली होती.