कडेचा प्रवाह बघायचाय? आधी सुईवर शंका घे

अरे, कोल्हापुरात एमएस्सी करून तू थेट क्वांटम हॉलच्या कडेच्या अवस्था, म्हणजे जोरदार चुंबकक्षेत्रात पातळ थराच्या काठानं वाहणारे इलेक्ट्रॉन, सूक्ष्मदर्शकाच्या सुईनं बघायला निघालास, ऐकून बरं वाटलं.

पुस्तकात प्रवाह म्हणून काढलेली कडेची ती बारीक रेघ मात्र डोक्यातून काढ. इलेक्ट्रॉनांची दाटी कडेला एकदम संपत नाही, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांसारखी टप्प्याटप्प्यानं उतरते. सपाट पायरी म्हणजे असंपीड्य पट्टा. तिथे दाटी बदलत नाही, पण विद्युतदाबाचा उतार नेमका तिथेच. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सुईनं हा उतार मोजला, तेव्हा दिसलं की चुंबकक्षेत्र कमी असताना तो काठाशी असतो, क्षेत्र वाढवलं की आत सरकून मधोमध पसरतो. मला तर हे अजून नवल वाटतं.

आता सुई. ती नुसती बघत नाही, खालचे इलेक्ट्रॉन ढकलतेसुद्धा. माझ्या पहिल्या नमुन्यात एक ठसठशीत रेघ आली, दोन दिवस मी हवेत होतो. सुईचं व्होल्टेज बदललं आणि रेघ जागेवरून सरकली. कडेची नव्हतीच ती, सुईची होती! म्हणून प्रत्येक चित्र दोन-तीन व्होल्टेजला घे, आणि सोबत हॉल रोधही (प्रवाहाला आडव्या दिशेनं मोजलेला) नोंदव. दुसऱ्या प्लाटोवर (क्षेत्र बदललं तरी हा रोध स्थिर राहतो तो टप्पा) 12,906 ओहम दिसत नसेल तर त्या चित्रावर वेळ घालवू नकोस.

10 टेस्लाला चुंबकीय लांबी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फेरीचा साधारण आकार, जेमतेम 8 नॅनोमीटर असते. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकामध्ये इलेक्ट्रॉनांचा थर पृष्ठभागाखाली गाडलेला, त्यामुळे तेवढं बारीक दिसत नाही. ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पत्र्यात, तो उघडा असतो. जमलं तर तिथूनच सुरुवात कर.