लाइन गेली, पण कोणती?

पुण्यात नोकरी करणाऱ्या यवतमाळकडच्या एका वाचकाची तक्रार आहे. तो 'लाइन गेली' म्हणाला की तिथले मित्र हसतात. लाइन म्हणजे रांग, मग विजेला लाइन म्हणणं चूक का, असं त्यानं विचारलंय.

अजिबात नाही. परवा शेजारचे काका राशन दुकानातून हात हलवत परत आले. म्हणाले, "सकायपासून लाइनीत होतो. नंबर आला तं लाइनच गेली. थमच लागे ना." थम म्हणजे अंगठ्याचा ठसा. ऐकणाऱ्या कुणालाही अडलं नाही. लागते ती रांगेची लाइन, येते-जाते ती विजेची, पोरं मारतात ती वेगळीच, आणि 'पोराले कोणत्या लाइनले टाकलं?' ही शिक्षणाची. अर्थ निवडायचं काम शेजारचं क्रियापद करतं.

पुण्यात 'लाइट गेले' म्हणतात, कारण तिथे आधी दिवा विझलेला दिसतो. वावरात हरभऱ्याचं ओलीत चालू असताना आधी बंद पडते ती मोटर. 'या हप्त्यात रात्रीची लाइन हाये' म्हणजे मोटर चालवणारी थ्री फेज वीज रात्री मिळणार, झोपेचं खोबरं. भर दुपारी मोटर थांबली तर 'लाइट गेले' कसं म्हणायचं? आणि 'वीज' म्हणावं, तर ती आमच्याकडे आभाळातून पडते, बैल घेऊन जाते. मला विचाराल तर खांबावरच्या तारेसाठी आणि तिच्यातून येणाऱ्या करंटसाठी लाइन हाच नेमका शब्द आहे. तार जोडायला येतो तोही लाइनमनच.

गंमत पुढे आहे. या शब्दाचं मूळ जवसात सापडतं. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस आणि 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. भाकरीसोबत ज्याची चटणी खातो त्या जवसाला स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 मध्ये 'लिनम युसिटॅटिसिमम', म्हणजे सर्वांत उपयोगी जवस, असं नाव दिलं. आपण बी तेवढं ओळखतो. युरोपात त्याच्या खोडातल्या धाग्याचं लिनन विणलं गेलं. कोटाला आतून ते लावत, म्हणून अस्तराला 'लायनिंग'. धागा ताणला की सरळ रेघ दिसते. त्या रेघेवरून मग रांग, रूळ, तार, सगळं आलं.

मराठीनं हाच खेळ सुतावर केलाय. सूत म्हणजे धागा, आणि गवंड्या-सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग. 'सुतार' हाही 'सूत्रधार'वरूनच आला.

आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा गवंडी ओरडला होता, "लाइनदोरी धरा जी भाऊ, भित दोन सूत बाहेर जाऊन रायली!" लाइनदोरी म्हणजे दोरीची दोरी. एकाच वाक्यात त्यानं जवसही वापरला अन् कापूसही.