चाळिशीनंतर शिकलो, मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने शिकवू?

हा प्रश्न माझ्याकडे तबला शिकणारे घेऊन येतात, पोहणारे येतात, योगवाले तर खूपच येतात. पण सगळ्यात कळकळीने तो विचारला टेक्सासमधल्या एका मराठी गृहस्थांनी, मूळचे सांगलीकडचे, आयटीत, वय पन्नाशीला टेकलेलं, आणि त्यांना व्हायचं होतं प्रॅक्टिकल शूटिंगचा इन्स्ट्रक्टर. (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

शूटिंग म्हटलं की आपल्याला आठवते एका जागी स्तब्ध उभं राहून मारायची १० मीटर एअर रायफल. हा प्रकार वेगळा. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, टायमर वाजला की काढायचं, धावत जागा बदलत टार्गेटं मारायची, मधेच मॅगझिन (पिस्तुलातली गोळ्यांची डबी) बदलायचं, आणि मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद म्हणजे तुमचा हिट फॅक्टर. आयपीएससी ही याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये मिसुरीतल्या कोलंबियाला स्थापन झाली, अमेरिकेतली शाखा म्हणजे यूएसपीएसए. तिथे डी, सी, बी, ए, मास्टर आणि ग्रँड मास्टर अशा पायऱ्या असतात. हे गृहस्थ चाळिशी उलटल्यावर सुरू केलेले, बी मध्ये अडकलेले, म्हणजे अव्वल हिट फॅक्टरच्या ६० ते ७५ टक्क्यांच्या मधे, आणि त्यांच्याच क्लबातली विशीतली पोरं ९५ च्या वर जाऊन ग्रँड मास्टर झालेली. "मॅडम, ती पोरं सोडून माझ्याकडे कोण येणार?"

मी त्यांना म्हटलं, पोरांचं राहू द्या, तुम्ही शेवटचं कुणाला काय शिकवलंत ते सांगा. आधी म्हणाले कुणालाच नाही, मग आठवलं. लोकल मॅचला एक नवीन बाई आल्या होत्या, मॅगझिन बदलताना त्यांचं बोट सारखं ट्रिगरगार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, आत जायचं आणि ते त्यांना स्वतःला कळतच नव्हतं. तिथे हे एकदा जरी झालं तरी डिसक्वालिफाय, त्या दिवसाची मॅच संपली. यांनी त्यांना सेफ्टी एरियात नेलं, जिथे गोळीला हातसुद्धा लावायचा नसतो, आणि रिकाम्या पिस्तुलावर रिकामं मॅगझिन हळूहळू बदलायला लावलं, "बोट सरळ फ्रेमवर, मला बाजूने दिसलं पाहिजे" एवढंच सांगत राहिले. बाईंनी मॅच पूर्ण केली.

तुम्हाला ते बोट दिसलं कसं, विचारलं तर म्हणाले, माझंही तिथेच जायचं ना, रात्री घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवायचा सराव, करून करून ती सवय मोडली.

मला वाटतं सगळं उत्तर इथेच आहे. बाराव्या वर्षी सुरू केलेल्या पोराला आपलं बोट कधी शिकलं हे आठवतसुद्धा नाही, उशिरा शिकलेल्या माणसाला एकेक पायरी आठवते, कारण ती त्याने जाणूनबुजून चढलेली असते. जिंकणं आणि शिकवणं ही दोन कौशल्यं आहेत आणि हे गृहस्थ पहिल्यातले मार्क दुसऱ्याच्या प्रगतीपुस्तकात लिहीत बसले होते.

पण म्हणून "करा बिनधास्त" असं मी म्हटलं नाही, इथे हातात खरी बंदूक आहे. ठरलं असं की आधी नॅशनल रेंज ऑफिसर्स इन्स्टिट्यूटचा रेंज ऑफिसरचा, म्हणजे मॅचमध्ये सुरक्षितता आणि नियम बघणाऱ्याचा, कोर्स करायचा, मॅचला टायमर हातात घेऊन उभं राहायचं, मग एखाद्या जुन्या इन्स्ट्रक्टरचा असिस्टंट म्हणून काम करायचं, आणि आपण बी क्लास आहोत हे पहिल्याच दिवशी सांगायचं. ज्याला मास्टर व्हायचंय त्याला पुढे पाठवायचं. नोकरी सोडायची नाही. (ते अमेरिकेचे नागरिक आहेत. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्यावरच फेडरल कायद्याचे निर्बंध आहेत, आधी वकील गाठा.)

आणखी एक काटा होता तो बराच उशिरा बाहेर आला. आई. सांगलीहून फोनवर "या वयात बंदुका कसल्या रे खेळतोस" म्हणायच्या आणि हे चिडून विषय बदलायचे. मी म्हटलं चिडू नका, व्हिडिओ कॉलवर तिजोरी दाखवा, पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली कुणाकडे ते पण सांगा. बागपतच्या जोहरी गावातल्या चंद्रो तोमर यांची गोष्टही सांगायला सांगितली, नातीला रेंजवर घेऊन गेल्या आणि साठी उलटल्यावर स्वतःच नेमबाज झाल्या. आईंना तिजोरी जास्त पटली, काळजी तिथलीच होती.

आता ते नवख्यांच्या क्लासला असिस्टंट आहेत, आणि चाळिशी-पन्नाशीची माणसं मुद्दाम त्यांच्याच लाईनला उभी राहतात म्हणे. त्यांची स्वतःची पायरी अजून बी च आहे. यूएसपीएसएत ५५ ला सीनियर गट सुरू होतो, त्याची तयारी रात्रीच्या ड्राय फायरमध्ये चालू आहे, आणि स्वतःची वेगळी बॅच पुढच्या वर्षी बघू म्हणतात, मलाही ती घाई नसलेलीच बरी वाटते.