बाहेरचं खाणं कमी करून गाडीच्या सर्व्हिसिंगचा खर्च भागतो का?

तुम्ही लिहिलंय की वर्षाच्या सर्व्हिसिंगला आठेक हजार लागतात, पगारातून एकदम काढता येत नाहीत, तर बाहेरचं खाणंपिणं कमी करून भागेल का आणि महिन्याला किती बाजूला ठेवावेत. भागतं. 2022 पासून मी तसंच भागवतेय. पण "गाडी चालतेय ना, मग गॅरेज कशाला" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेलच, म्हणून आधी माझं सांगते.

आमच्याकडे धाकटे भाऊजी. त्या वर्षी जुलैत आमची वॅगनआर ब्रेक मारला की पुढच्या डाव्या चाकातून किर्र आवाज करायला लागली. सर्व्हिसिंगची तारीख मे महिन्यातच उलटली होती, पण मुलांच्या फिया आणि वह्यापुस्तकांनी हात आखडला होता. भाऊजींनी मुलुंडमध्येच एक चक्कर मारून आणली आणि म्हणाले, "वहिनी, पावसाचं पाणी लागलंय. सुकलं की जाईल आवाज. गॅरेजवाले उगाच खिसा कापतात." मी ऐकलं. त्याच आठवड्यात आम्ही दोनदा बाहेरून जेवण मागवलं. 780 रुपये झाले होते, आकडा अजून पाठ आहे.

त्या रविवारी नाशिकहून, माहेराहून परत येत होतो. कसारा घाट उतरताना किर्रची खरखर झाली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं. समोर कंटेनर, वर पाऊस, मागच्या सीटवर दोन्ही मुलं. दुसरा गिअर, मग पहिला, असं करत इंजिनच्या ओढीवरच गाडी खाली आणली. मागे कुणी एक शब्द बोललं नाही.

कसाऱ्याच्या मेकॅनिकने ब्रेकचा पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारा तुकडा, काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावरचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, संपलेलं, नुसता पत्रा, कडेला निळा पडलेला. डिस्कवरून नख फिरवलं तर खाचांत अडकत होतं. ब्रेक ऑइल काढ्यासारखं काळं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आमच्या दमट मुंबईत तर नक्कीच. वेळेवर गेले असते तर पॅड दोन हजारांच्या आत बदलून झाले असते. आता दोन्ही डिस्क, पॅड, ऑइल, मजुरी मिळून 9,200. गाडी दोन दिवस तिथेच ठेवली. भिजलेल्या मुलांना घेऊन कसारा लोकलने ठाण्याला आलो.

तेव्हापासून शुक्रवारचं मागवलेलं जेवण बंद. मटकीची उसळ आणि भात, आणि त्याच रात्री 350 रुपये दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. त्याच रात्री, हे महत्त्वाचं. "या महिन्यात वाचवले" असं नुसतं म्हटलं की ते पैसे भाजीत जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हापासून ठाण्याला जाताना वाचणारे 45 रुपयेही त्याच खात्यात टाकते.

भाऊजी अजून म्हणतात, चिल्लर साठवून गाडी सांभाळता येत नाही. गेल्या वर्षी त्याच खात्यातून 7,400 ची सर्व्हिसिंग झाली आणि पुढचे दोन टायरही आले. हे मी त्यांना पासबुक दाखवून सांगितलंय.

चार वाजताचा टपरीवरचा चहा मात्र मी सोडला नाही, तुम्हीही सोडू नका. पंधरा रुपयांसाठी जीव मारला की तिसऱ्या आठवड्यात सगळाच बेत मोडतो. मोठी गळती घरपोच जेवणात आणि उगाच घेतलेल्या रिक्षांत असते. गॅरेजमध्येही इंजिन फ्लश, पॉलिश, कोटिंग यांना सरळ नाही म्हणा. एअर फिल्टरचा डबा बऱ्याच गाड्यांत क्लिपा काढून पाच मिनिटांत उघडतो, तो स्वतः बदला. ऑइल आणि पॅड यांत मात्र घासाघीस नको. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट स्वस्त मिळतात, पण ब्रेकचा पार्ट ओळखीच्या मेकॅनिकशिवाय तिथून उचलू नका.

महिन्याला किती? आठ हजारांची सर्व्हिसिंग असेल तर हजार ठेवा. उरलेले टायर आणि बॅटरीला लागतात. टायरच्या नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की तो कायद्यानेही बाद.

हे सगळं वॉरंटी संपलेल्या पेट्रोल गाडीचं सांगतेय. वॉरंटीत असेल तर अधिकृत सेंटरची वेळ चुकवू नका. आणि हप्ताच झेपत नसेल तर उसळ-भाताने काही होणार नाही, गाडी विकायचा विचार करा.

गाडी किती किलोमीटर झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत. ब्रेकचा आवाज येतोय का, तेही नाही. येत असेल तर खात्यात पैसे साठायची वाट बघू नका. कुणाकडून उसने घ्या, पण याच आठवड्यात चाक उघडून पॅड बघून घ्या.