एकाच वेळी वाजवणे आणि ध्वनिमुद्रण: आधी काय तपासावे

गावातल्या खंजिरी भजनासाठी हार्मोनियम हेडफोनवर ऐकवत गायकाचा आवाज नोंदवणारा तुमचा प्रोग्राम दोन्ही कामे सुटीसुटी नीट करतो आणि एकत्र केली की अडखळतो, यावरून दोष बहुधा उपकरणे उघडण्याच्या पद्धतीत असावा. वाजवण्याचा आणि नोंदवण्याचा अशा दोन्ही प्रवाहांचा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) एकच आहे का, ते प्रथम पाहावे. एक ४४१०० आणि दुसरा ४८००० मागितला, तर पुष्कळ साउंड कार्डे दुसरा प्रवाह उघडूच देत नाहीत. ब्लूटूथ हेडफोन बाजूलाच ठेवावा, कारण माइक सुरू होताच तो सहसा फोनवरच्या संभाषणाच्या दर्जावर उतरतो.

यूएसबी माइक आणि लॅपटॉपचा हेडफोन यांची घड्याळे वेगळी असतात. एक सेकंदाला ४८००० आणि दुसरे ४८००२ नमुने मोजत असेल, तर १० मिनिटांत १२०० नमुन्यांचा, म्हणजे २५ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि ताल सुटू लागतो. म्हणून शक्यतो माइक व हेडफोन एकाच साउंड कार्डाला जोडावेत.

तरीही कटकट आवाज येत असेल, तर कॉलबॅक, म्हणजे साउंड कार्ड दर तुकड्यासाठी हाक मारते ते फंक्शन, उघडून पाहावा. ४८००० च्या दराने २५६ फ्रेमच्या (एका क्षणाचे नमुने म्हणजे एक फ्रेम) बफरला, म्हणजे अशा एका तुकड्याला, जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात फाइल लिहिणे, मेमरी मागणे किंवा लॉकसाठी (दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाने, अडवलेली गोष्ट सुटेपर्यंत) थांबणे परवडत नाही. नमुने रिंग बफरमध्ये (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरत जाणाऱ्या साठ्यात) टाकावेत आणि फाइल दुसऱ्या थ्रेडने लिहावी.

सलग घरघर मात्र प्रोग्राममुळे क्वचितच येते. खेड्यातल्या पुष्कळ घरांत अर्थिंग धड नसते आणि मग घरघर चार्जरवाटे येऊ शकते, तेव्हा कोड बदलण्याआधी चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे.